जनावरांच्या जखमा आणि स्टेम सेल उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काटेरी तारेत फाटलेली गाय, गाडीखाली आलेला कुत्रा, खांदा सोललेला बैल, पायाची जखम महिनोन्‌महिने न भरणारा घोडा. यांचे मालक दवाखान्यात येतात तेव्हा हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: “डॉक्टर, स्टेम सेलने होईल का?” पशुवैद्यक म्हणून त्या प्रश्नाची उत्तरं इथे सविस्तर दिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. जखम का भरत नाही हे शोधल्याशिवाय तिच्यात कोणत्याही पेशी सोडू नयेत.

स्टेम सेल म्हणजे नेमकं काय?

शरीरातल्या बहुतेक पेशींचं काम ठरून गेलेलं असतं. स्नायूची पेशी आकुंचन पावते, रक्तातली लाल पेशी प्राणवायू वाहते. त्यांना दुसरं काही होता येत नाही. मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, अजून अशी एका कामाला बांधली गेलेली नसते. ती स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करत राहते आणि योग्य परिस्थिती मिळाली तर तिच्यापासून वेगळ्या प्रकारच्या पेशीही घडतात.

जनावरांच्या उपचारात मुख्यतः मेसेनकायमल स्टेम सेल वापरतात. बोलताना सगळे एमएससी म्हणतात, इथेही तेच म्हणू. या पेशी पूर्ण वाढलेल्या जनावराच्या अस्थिमज्जेत आणि चरबीत सापडतात, तशाच प्रसूतीच्या वेळी नाळेतूनही मिळतात. त्यासाठी कुठलाही भ्रूण नष्ट करावा लागत नाही. सोव्हिएत संघात अलेक्झांडर फ्रिडनस्टाइन यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत अस्थिमज्जेतल्या या पेशींवर पायाभूत काम केलं, आणि अमेरिकेतले आर्नल्ड कॅप्लन यांच्या १९९१ च्या लेखापासून आजचं नाव रूढ झालं. २००६ मध्ये माणसाच्या एमएससी ओळखण्याचे किमान निकष ठरले: पेशी प्लास्टिकच्या तळाला चिकटून वाढली पाहिजे, तिच्या पृष्ठभागावर ठरावीक खुणा हव्यात, आणि प्रयोगशाळेत तिच्यापासून हाड, कूर्चा (सांध्यातलं मऊ हाड) व चरबी या तिन्हींच्या पेशी घडवता आल्या पाहिजेत. जनावरांच्या पेशींवरच्या खुणा जातीगणिक थोड्या बदलतात, पण ओळख पटवण्याची रीत हीच.

कातडीत स्वतःच्या मूलपेशी नसतात का?

असतात, आणि रोजच्या जखमा त्याच भरून काढतात. कातडीच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी आणि केसांच्या मुळांशी त्यांची वस्ती असते. म्हणून खरचटल्याची जखम आठवड्याभरात बुजते: केसांची मुळं शाबूत असतात, प्रत्येक मुळापासून नवी कातडी पसरते. कातडी पूर्ण जाडीने गेली, खालचं मांस उघडं पडलं, की ही मुळंही गेलेली असतात. मग नवी कातडी फक्त कडांकडून आत सरकते, आणि तळहाताएवढ्या जखमेला त्या हिशेबाने किती दिवस लागत असतील ते ज्यांनी रोज ड्रेसिंग केलं आहे त्यांना सांगायला नको. भाजलेल्या जनावरात वरवरचा भाग आधी भरतो आणि खोल भाजलेला मधला चट्टा मागे राहतो, त्याचं कारणही हेच.

बाहेरून सोडलेल्या पेशी नवी कातडी बनवतात का?

फारच कमी प्रमाणात. वीसेक वर्षांपूर्वी समज असा होता की पेशी जखमेत जाऊन बसतील आणि त्यांचीच कातडी होईल. पेशींना चमकणारा रंग लावून त्या जखमेत किती टिकतात हे पुढे अनेक ठिकाणी तपासलं गेलं. भारतात शेळीच्या अस्थिमज्जेतल्या पेशींवरही असं काम झालं आहे. सोडलेल्या पेशींपैकी बहुतेक काही दिवसांत किंवा आठवड्यांत नाहीशा होतात. जखम मात्र तरीही लवकर भरताना दिसते.

याचा उलगडा असा की या पेशी बांधकामावरच्या मुकादमासारख्या आहेत: स्वतः विटा वाहत नाहीत, पण कुणी कुठे काय करायचं ते सांगतात. त्या अनेक रासायनिक संदेश सोडतात. काही संदेशांनी नव्या रक्तवाहिन्या फुटतात, काहींनी कोलॅजन तयार करणाऱ्या पेशी जागेवर येतात, काहींनी आसपासच्या पेशी मरता मरता वाचतात. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा परिणाम मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशींवर होतो. जंतू मारण्याच्या पवित्र्यातले मॅक्रोफेज एमएससींच्या सहवासात दुरुस्तीच्या पवित्र्यात येतात. जुन्या, अडलेल्या जखमेत नेमका हाच बदल होत नसतो.

जखम ‘अडते’ म्हणजे काय होतं?

या प्रश्नावर जरा थांबू, कारण उपचाराचा निर्णय इथेच होतो.

जखम झाल्यावर पहिल्यांदा रक्त थांबतं. मग दाह सुरू होतो: भाग लाल होतो, सुजतो, गरम लागतो, आणि पांढऱ्या पेशी जंतू व मेलेलं मांस साफ करतात. साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून तळाशी लाल, दाणेदार मांस दिसू लागतं. ते निरोगी असेल तर ओलसर, गुलाबी-लाल आणि सपाट असतं, आणि गॉझने हलकेच पुसलं तरी टिपकाभर रक्त येतं. त्याच्यावरून कडांची पातळ, मोतिया गुलाबी कातडी आत सरकते, शिवाय जखम आकसून लहान होते. शेवटचा टप्पा व्रण पक्का होण्याचा. तो महिनोन्‌महिने चालतो. जखम बुजली म्हणजे काम संपलं असं नसतं. तीन आठवड्यांच्या व्रणाला मूळ कातडीच्या साधारण २० टक्केच ताकद असते, आणि पूर्ण पक्का झाला तरी तो सुमारे ८० टक्क्यांपुढे जात नाही.

अडलेली जखम यातल्या दाहाच्या टप्प्यात रुतून बसते. मांस फिकट किंवा काळपट, कडा जाड आणि आत वळलेल्या, वर चिकट थर, वास. कारणं बहुतेक वेळा शोधली की सापडतात. आत काट्याचा किंवा तारेचा तुकडा राहिलेला असतो. हाडाचा मेलेला कपचा असतो. जखम सांध्यावर असते आणि प्रत्येक पावलाला ताणली जाते. कुत्रा चाटत बसतो. अळ्या पडून गेलेल्या असतात आणि आतली पोकळी कुणी पाहिलेली नसते. जनावर खंगलेलं असतं, म्हाताऱ्या कुत्र्याला मधुमेह असतो. आणि जी जखम समजून आपण महिनाभर पट्ट्या बांधतो, ती कधी कधी गाठ फुटून झालेली असते. तिथे तुकडा काढून तपासणीला पाठवल्याशिवाय कळत नाही.

यातलं कोणतंही कारण तसंच ठेवून पेशी टोचल्या तर त्या मरतात. पैसे जातात, आणि जनावराचे आणखी काही आठवडे वेदनेत जातात.

मग कोणत्या जखमेला याचा विचार करावा?

कारण शोधून दूर केलं आहे, जखम स्वच्छ आहे, नीट ड्रेसिंग होऊनही तीन-चार आठवड्यांत मोजण्याइतकी लहान झालेली नाही, अशी जखम. मोठ्या अपघातात कातडी निघून गेलेली आणि टाके घालायला आजूबाजूला सैल कातडीच उरलेली नाही, अशी जखम. कातडीचं रोपण करायचं असेल तर त्याआधी तळ तयार करण्यासाठीही पेशी वापरून पाहिल्या गेल्या आहेत. शस्त्रक्रियेच्या स्वच्छ, टाके घातलेल्या चिरेला त्यांची काहीच गरज नसते.

घोड्याच्या पायाच्या जखमा इतक्या चिवट का असतात? तिथे स्टेम सेलचा उपयोग होतो का?

घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळपास नसतंच: कातडी, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर), हाड. रक्तपुरवठा तोकडा, कातडी ताणलेली, आणि भाग जमिनीच्या धुळीत नि शेणात. अंगावरची मोठी जखम आकसून भरते, तर पायाची तशी आकसत नाही. तिथला दाह सुरुवातीला कमजोर असतो आणि मग लांबत जातो. त्यातून फाजील मांस वाढतं, कातडीच्या पातळीच्या वर फुगून येतं, आणि कडांच्या कातडीला त्यावर चढताच येत नाही. हे मांस नियमित कापून सपाट करावं लागतं. त्यात नसा नसल्यामुळे कापताना दुखत नाही, पण रक्त भरपूर येतं. विशेष म्हणजे लहान चणीच्या पोनींमध्ये हीच जखम मोठ्या घोड्यांपेक्षा लवकर भरते, कारण त्यांचा सुरुवातीचा दाह जोमदार असतो आणि वेळेत आटोपतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक विद्यालयातल्या गटाने घोड्यांच्या पायावरच्या जखमांत दुसऱ्या घोड्यांच्या नाळेच्या रक्तातल्या पेशी वापरून पाहिल्या आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पेशी मिळालेल्या जखमा सुरुवातीच्या काळात अधिक लहान झाल्या. फरक होता, पण जखम जादूने बुजली असं नव्हे. शिवाय तिथल्या जखमा मुद्दाम केलेल्या, स्वच्छ आणि एकसारख्या होत्या. आपल्याकडे येणारी जखम बहुधा चार दिवसांची, मातीने भरलेली असते. हा फरक लक्षात ठेवूनच अपेक्षा ठेवावी.

घोड्यांत या पेशींचा सर्वांत जुना आणि भक्कम अनुभव कंडरांच्या दुखापतींचा आहे. २००३ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमधल्या गटाने घोड्याच्या स्वतःच्या अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून त्याच्याच पायाच्या कंडरेत टोचल्याची नोंद प्रसिद्ध केली. पुढे ११३ शर्यतीच्या घोड्यांचा पाठपुरावा झाला; त्यांत पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे २७ टक्के निघालं, नुसत्या विश्रांतीच्या जुन्या नोंदींपेक्षा बरंच कमी. पुणे-मुंबईच्या रेसकोर्सवरच्या मंडळींना हा विषय म्हणूनच अनोळखी नाही. पण कंडरेतलं यश जखमेच्या खात्यात जमा करू नये.

गाय, बैल, म्हैस यांना हा उपचार करावा का?

आजच्या घडीला बहुतेक वेळा नाही, आणि त्यात जनावराचं काही बिघडत नाही.

खांदेसूज घ्या. उसाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे गाडीला जुंपलेल्या बैलांत ही रोजची तक्रार. आधी जुवाखालचा मानेचा भाग गरम लागतो आणि हात लावला की बैल मान काढून घेतो. मग सूज येते, केस जातात, कातडी सोलवटते. तसंच जुंपत राहिलं तर कातडी जाड आणि निबर होते, आत पू धरतो, आणि वर्षानुवर्षं तो खांदा फुटत राहतो. इथे आजार पेशींच्या कमतरतेचा नाही. जू जड आहे, दोन बैलांची उंची जुळत नाही, नवा बैल एकदम पूर्ण ओझ्याला लावला आहे, पावसाने जू ओलं आहे. बैलाला सोडवून विश्रांती दिली, सुरुवातीच्या सुजेवर थंड पाण्याने शेकलं, मॅग्नेशियम सल्फेट आणि ग्लिसरीनचा लेप लावला, पू असेल तर डॉक्टरांकडून काढून घेतला, की बहुतेक खांदे बरे होतात. जू तेच ठेवून त्या खांद्यात कोट्यवधी पेशी टोचल्या तरी पुढच्या खेपेला तो पुन्हा फुटेल.

लम्पीच्या २०२२ च्या साथीत गाठी फुटून झालेल्या खोल जखमा आपण सगळ्यांनी पाहिल्या. त्यांनाही रोज धुणं, माश्यांपासून बचाव, चांगला चारा आणि दुय्यम संसर्गावर औषध यांनीच उतार पडला. सडाला भोक पडून दूध गळत असेल तर ती शस्त्रक्रियेची बाब आहे: गाय आटवून व्यवस्थित थर जुळवून टाके घालावे लागतात.

शेळ्यांवर प्रयोग बरेच झाले आहेत. इराणमधल्या एका गटाने शेळीच्या नाळेतल्या पेशी शेळ्यांच्याच कातडीच्या जखमांत वापरल्या आणि जखम लवकर व कमी दाहाने भरल्याचं २०११ मध्ये नोंदवलं. जनावरं मोजकीच होती. गोठ्यातल्या उपचारापर्यंत यायला अजून बरीच मजल मारायची आहे.

कुत्र्या-मांजरांत काय अनुभव आहे?

इथे चित्र अधिक आशादायक आहे, विशेषतः जिथे जखमेमागे शरीराचाच बिघडलेला दाह असतो. जर्मन शेफर्डमध्ये गुदद्वाराभोवती खोल नासूर होतात. शेपटी उचलली की कुत्रा ओरडतो, शी करताना रडतो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं महिनोन्‌महिने द्यावी लागतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात अशा ६ कुत्र्यांच्या नासुरांत पेशी टोचल्या. तीन महिन्यांनी सहाही कुत्र्यांचे नासूर बुजलेले होते, सहा महिन्यांनी त्यांतल्या दोघांचे पुन्हा उघडले. संख्या लहान आहे, पण ज्यांनी ते दुखणं पाहिलं आहे त्यांना या चौघांचं मोल कळेल.

मांजरांत तोंडाच्या आतलं अस्तर कायम सुजून सोलवटलेलं राहण्याचा एक आजार आहे. सगळे दात काढूनही काही मांजरी बऱ्या होत नाहीत. अशा ७ मांजरींना डेव्हिसच्याच गटाने त्यांच्या स्वतःच्या चरबीतल्या पेशी शिरेतून दिल्या. पाच जणींना चांगला फरक पडला, त्यांतल्या तिघी पूर्ण बऱ्या झाल्या.

अमेरिकेतल्याच कोलोराडो स्टेट विद्यापीठातल्या गटाने २०१७ मध्ये आणखी वेगळी दिशा दाखवली. औषधांना न जुमानणारे जंतू असलेल्या कुत्र्यांच्या जुन्या जखमांत त्यांनी प्रयोगशाळेत चेतवलेल्या एमएससी आणि अँटिबायोटिक एकत्र वापरले. पेशींनी सोडलेले जंतुनाशक घटक अँटिबायोटिकला साथ देतात असं त्यांना दिसलं. आपल्याकडे रेबीजइतकी चर्चा होत नाही, पण चिवट जंतूंचा प्रश्न आपल्या दवाखान्यांत रोज वाढतो आहे. मला या कामातून फार आशा वाटते.

म्हणजे पू असलेल्या जखमेतही पेशी सोडता येतील?

नाही. त्या कुत्र्यांना अँटिबायोटिक सोबत होतं आणि जंतू कोणता ते तपासलेलं होतं. आधी पू, मेलेलं मांस, अळ्या, सगळं साफ. मग जंतूंची तपासणी. पेशी त्यानंतर.

पेशी मिळवतात कशा?

दोन वाटा आहेत. एक, त्याच जनावराच्या स्वतःच्या पेशी. कुत्र्यात भूल देऊन जांघेतली किंवा पोटातली थोडी चरबी काढतात. घोड्यात भूल न देता, गुंगीचं औषध देऊन आणि जागा बधिर करून छातीच्या हाडातून अस्थिमज्जा ओढतात. चरबी बारीक करून विकराने (एन्झाइमने) विरघळवली आणि यंत्रात फिरवली की तळाशी पेशींचा थर बसतो. तो त्याच दिवशी वापरता येतो, पण त्यात एमएससी थोड्याच असतात, बाकी इतर पेशींची सरमिसळ. शुद्ध आणि भरपूर पेशी हव्या असतील तर दोन-तीन आठवडे वाढवाव्या लागतात.

दुसरी वाट म्हणजे त्याच जातीच्या दुसऱ्या, निरोगी जनावराच्या पेशी. त्या आधीच वाढवून, तपासून द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना गोठवून ठेवतात. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या डब्यातून येतात तसाच तो डबा. जखमेला दोन आठवडे थांबायला वेळ नसतो, तेव्हा ही वाट सोयीची. शिवाय म्हाताऱ्या, आजारी जनावराच्या स्वतःच्या पेशी मंदावलेल्या असतात. तरुण दात्याच्या पेशी अधिक तरतरीत.

प्रत्यक्ष उपचार कसा करतात?

जखमेच्या कडेचे केस काढायचे, जखम कोमट सलाईनने धुवायची. आयोडीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड त्या दिवशी आत घालायचं नाही; जंतूंसोबत आपण सोडलेल्या पेशीही त्याने मरतात. गोठवलेली कुपी ३७ अंशांच्या पाण्यात धरून वितळवतात, गोठवताना घातलेलं रसायन शक्य तितकं काढून टाकतात आणि उरलेल्या पेशी सलाईनमध्ये मिसळतात. मिश्रण किंचित धुरकट दिसतं. कुपी जोरात हलवायची नाही, हलकेच उलटीसुलटी करायची, नाहीतर पेशी तळाशी बसतात आणि पहिल्या टोचणीत नुसतं पाणी जातं.

मग जखमेच्या कडेने, निरोगी कातडीत, बोटभर अंतराने थोडं थोडं मिश्रण टोचत जायचं. प्रत्येक ठिकाणी कातडीवर मसुरीएवढा फुगवटा आला की सुई बरोबर थरात आहे. उरलेलं मिश्रण तळाच्या लाल मांसात, किंवा जेलमध्ये मिसळून वर. त्यावर न चिकटणारी पट्टी, त्यावर कापूस, त्यावर बांधणी. वितळवल्यापासून टोचेपर्यंतचा वेळ जितका कमी तितक्या जास्त पेशी जिवंत राहतात, म्हणून आधी जनावर तयार, मग कुपी बाहेर.

कुत्र्याच्या गळ्यात कॉलर हवीच. एका रात्रीत चाटून सगळं फुकट घालवता येतं.

किती पेशी लागतात? किती वेळा?

जखमेच्या आकारानुसार दहा लाखांपासून काही कोटींपर्यंत पेशी वापरलेल्या दिसतात. सर्वांना मान्य असा एकच डोस ठरलेला नाही. बहुतेक ठिकाणी एकदा देऊन दोन-तीन आठवड्यांनी जखम पाहून दुसऱ्यांदा द्यायचं की नाही ते ठरवतात.

फरक कधी दिसतो?

पहिल्या आठवड्यात जखमेचा रंग आणि ओल बदलते, आकार नंतर. तीन आठवड्यांत काहीच हललं नाही तर पुढची मात्रा देण्याऐवजी निदान पुन्हा तपासावं.

धोके कोणते?

टोचलेल्या जागी दिवस-दोन दिवस सूज आणि दुखणं, हे नेहमीचं. पेशी वाढवताना गाईच्या वासराच्या रक्तद्रवाचा वापर होतो, त्याचा अंश राहिला तर ॲलर्जी येऊ शकते. दुसऱ्या जनावराच्या पेशी पुन्हा पुन्हा दिल्या तर शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं; घोड्यांत हे दिसून आलं आहे. पेशी शिरेतून दिल्या तर त्या आधी फुप्फुसात अडकतात, म्हणून तो मार्ग देखरेखीशिवाय वापरू नये. आणि प्रयोगशाळा अस्वच्छ असेल तर जंतू थेट जखमेत जातात.

याने कर्करोग होतो का?

जनावरांत वापरलेल्या एमएससींपासून गाठी झाल्याचं सहसा आढळत नाही. भ्रूणाच्या कच्च्या मूलपेशींत तो धोका खरा आहे, म्हणून त्या तशाच कधी वापरत नाहीत. मात्र जनावराला आधीच कर्करोग असेल किंवा जखमेबद्दल तशी शंका असेल तर हा उपचार टाळावा. रक्तवाहिन्या वाढवणारे संदेश गाठीलाही पोसतात.

पीआरपी म्हणजेच स्टेम सेल का?

नाही. पीआरपी म्हणजे जनावराचं रक्त काढून, यंत्रात फिरवून वेगळा केलेला, प्लेटलेटने समृद्ध असा रक्तद्रव. त्यात मूलपेशी नसतात, वाढीला चालना देणारे घटक असतात. ते स्वस्त आहे, बऱ्याच दवाखान्यांत त्याच दिवशी तयार करता येतं, आणि अनेक जखमांत आधी तेच वापरून पाहणं शहाणपणाचं असतं. कुणी पीआरपीला स्टेम सेल म्हणून पैसे घेत असेल तर तिथून उठावं.

बाजारात स्टेम सेलचं क्रीम मिळतं, ते लावू का?

जिवंत पेशी ट्यूबमध्ये, दुकानाच्या फळीवर, उन्हाळ्यात टिकूच शकत नाहीत. फार तर त्यात पेशींनी सोडलेले घटक असतील. पेशींशिवाय नुसते त्यांचे संदेश, म्हणजे एक्सोसोमसारखे सूक्ष्म पुडके, वापरण्यावर गंभीर संशोधन चालू आहे आणि उद्या कदाचित तेच अधिक सोयीचं ठरेल. पण फळीवरच्या ट्यूबला त्या संशोधनाचा आधार असेलच असं नाही.

घरचे उपाय चालतील का?

मध चालतो, शक्यतो वैद्यकीय दर्जाचा, आणि वरून पट्टी हवी. कोरडी हळद भरली की तिचे खडे बसतात आणि खाली पू दिसत नाही. चुना, चुलीतली राख, रॉकेल, फिनाइल, जळकं ऑइल यांतलं काहीही जखमेत घालू नका. कळकळीने सांगतो: माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जखमा मूळच्या दुखापतीपेक्षा अशा उपायांनी मोठ्या झालेल्या असतात.

या उपचाराला सरकारी मान्यता आहे का?

युरोपात २०१९ मध्ये घोड्यांच्या सांध्यांसाठी आर्टी-सेल फोर्ट आणि हॉर्स्टेम या पेशी-औषधांना परवानगी मिळाली, २०२२ मध्ये कुत्र्यांच्या सांध्यांसाठी डॉगस्टेमला. ही सगळी सांध्यांच्या दुखण्यासाठी आहेत, कातडीच्या जखमांसाठी नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जनावरांसाठीच्या पेशी-उत्पादनांना औषधाचेच नियम लागू होतात हे २०१५ मध्ये स्पष्ट केलं. मान्यतेनंतरही तपासणी थांबत नाही, हेही पाहा. माणसांतल्या क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजारातल्या नासुरांसाठी युरोपात २०१८ मध्ये मंजूर झालेलं अलोफिसेल पुढच्या मोठ्या चाचणीत अपेक्षित फायदा दाखवू शकलं नाही आणि २०२४ मध्ये मागे घेतलं गेलं.

भारतात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची स्टेम सेल मार्गदर्शक तत्त्वं माणसांसंबंधी आहेत. जनावरांच्या जाहिरातीत त्यांचा दाखला दिसला तर भुलू नका. जनावरावर उपचार करणारी व्यक्ती १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याखाली नोंदणीकृत असलीच पाहिजे. नोंदणी क्रमांक मागायला संकोचू नका.

पैसे देण्याआधी काय विचारावं?

पेशी कोणत्या जातीच्या जनावराच्या आणि शरीराच्या कोणत्या भागातल्या? दात्याच्या कोणत्या रोगांच्या तपासण्या झाल्या? टोचण्याच्या वेळी किती टक्के पेशी जिवंत असतील, आणि ते कुणी मोजणार? जंतुविरहित असल्याचा अहवाल दाखवाल का? अशी किती जनावरं तुम्ही पाहिलीत, आणि ज्यांना फरक पडला नाही त्यांचं काय झालं? शेवटच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारा डॉक्टर मिळाला तर त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

खर्च विचारताना नुसत्या पेशींचा विचारू नका. भूल, चरबी काढणं, प्रयोगशाळा, वाहतूक, ड्रेसिंगच्या फेऱ्या, लागलीच तर दुसरी मात्रा, हे सगळं धरून एकच आकडा लिहून घ्या.

महाराष्ट्रात कुणाकडे जावं?

अवघड जखमेसाठी आधी जवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा शस्त्रक्रिया विभाग गाठावा: मुंबईत परळ, नागपूर, साताऱ्याजवळ शिरवळ, परभणी, उदगीर, अकोला. ही महाविद्यालयं नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. तिथे स्टेम सेल मिळतीलच असं गृहीत धरू नका, पण जखम का अडली आहे याचं उत्तर मिळण्याची शक्यता तिथे सर्वांत जास्त. गावात जनावर हलवण्याजोगं नसेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करा.

जाताना जखमेचे रोजचे फोटो न्या, प्रत्येक फोटोत जखमेशेजारी मोजपट्टी ठेवलेली. आधी दिलेल्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या न्या, चिठ्ठी हरवली असली तरी चालेल. पट्टी घरी सोडू नका. डॉक्टरांना ती उलगडताना तिच्यावर काय लागलं आहे तेही पाहायचं असतं.